आगोट: दापोलीच्या हॉस्टेलात पहिला पावसाळा कसा काढायचा

मामाच्या मुलीला यंदा दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. यादी लागली त्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला. बोलणं झाल्यावर म्हणाली, "ताई, सोबत काय काय नेऊ तेवढं सांग." मागून मामीचा आवाज येत होता. गादी, ज्वारीच्या पिठाचा डबा, लोणच्याची बरणी अशी तिची मोजणी चालली होती. मी दहा मिनिटांत सांगते म्हणून बसले आणि दीड तास झाला. दुसऱ्या दिवशी तिनं परत फोन केला, की हे सगळं लिहून दे, आपल्या बीडच्याच आणखी दोघी माझ्यासोबत आहेत. म्हणून लिहिते आहे. तिला सांगते तसंच, 'तू' म्हणूनच.

आपल्या आष्टीकडं वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. दापोलीत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हा आकडा मी जाण्याआधी पाठ केला होता. पण सलग अकरा दिवस ऊन न दिसणं म्हणजे काय, ते आकड्यात नसतं. आमच्या बॅचमधल्या दोघी पहिल्या दोन महिन्यांतच प्रवेश रद्द करून घरी गेल्या. दोघी घाटावरच्या, दोघी अभ्यासात माझ्यापेक्षा पुढं. अभ्यास जड गेला म्हणून नाही गेल्या. ओले कपडे, ओली गादी, भिंतीचा कुबट वास आणि फोनवर आईचा आवाज, एवढ्यानं गेल्या. त्यांना कुणी आधी नीट सांगितलं असतं तर त्या राहिल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

कोकणात आगोट म्हणतात. पाऊस तोंडावर आला की घरोघर लाकूडफाटा, मीठमसाला, कुळीथ, पापड, सुकी मासळी भरून ठेवतात, ती आगोटीची बेगमी. हा शब्द मला माझ्या रूममेटनं दिला. ती मंडणगडची. तू जे करणार आहेस ते हेच आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर तू पोचशील तोवर निम्मा पावसाळा उलटलेला असेल. पण उरलेला निम्माही भरपूर आहे, आणि पुढच्या जूनमध्ये अख्खा भेटेलच.

सामान

कापसाची गादी नेऊ नकोस. मामीला वाईट वाटेल, पण सांग. माझ्या वडिलांनी घरच्या कापसाची गादी खास पिंजून दिली होती. महिन्याभरात तिनं एवढं पाणी ओढून घेतलं की एकटीला उचलवेना. पातळ फोमची गादी दापोलीच्या बाजारात घे. तिच्याखाली प्लास्टिक अंथरू नकोस. खालून ओल धरते आणि काळी बुरशी येते. वर्तमानपत्रं घाल आणि आठ दिवसांनी बदल.

पत्र्याची पेटी नेलीस तर जांभ्याचे दोन चिरे मागून आण आणि त्यावर ती ठेव. जमिनीला टेकली की तळ गंजतो.

जीन्सची पँट एकच ने. पाच दिवस वाळत नाही. झटकन वाळणारे पंजाबी ड्रेस, चार-पाच ओढण्या (ओढणी टॉवेलपेक्षा लवकर वाळते, डोकं पुसायला तीच वापर), दहा मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे. छत्री ने, पण तिच्यावर विसंबू नकोस. वारा आडवा आला की छत्री उलटी होते. गुडघ्याखाली येणारा रेनकोट घे. चांगली बॅटरी घे, मोबाइलच्या उजेडावर राहू नकोस, कारण लाइट जातात तेव्हा मोबाइलही उतरलेला असतो. 

मूळ कागदपत्रं प्रवेशाचं काम झालं की घरी परत पाठव. जात वैधता प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, काहीही खोलीत ठेवू नकोस. साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच पुरतात. आमच्या मजल्यावर एकीची वैधता ओलीनं चिकटून फाटली. नवीन प्रत काढायला तिच्या वडिलांनी किती हेलपाटे घातले ते मी बघितलं आहे.

खाण्याचं म्हणशील तर शेंगदाण्याची चटणी टिकते, काळा मसाला टिकतो, लोणचं टिकतं. पापड, भडंग, शंकरपाळे दोन दिवसांत मऊ पडतात. ते पोचल्या दिवशीच सगळ्यांना वाटून टाक. त्यातनं ओळखी होतात. पीठ नेऊच नकोस, गोळे होतात आणि आळ्या पडतात. भाकरीवाचून राहवत नसेल तर पाच किलो ज्वारी ने. मेसमधल्या मावशींशी नीट बोललीस तर आठवड्यातून एकदा दळून भाकरी थापून देतील. मला दिल्या, वर्षभर दिल्या.

गमबूट विकत घेऊ नकोस. त्याचं शेवटी सांगते.

ओल

कपडे धुण्याचा दिवस ठरवू नकोस. उघडीप दिसली की धू. रोज दोनच कपडे धुवायचे, घट्ट पिळायचे, कोरड्या टॉवेलात गुंडाळून परत पिळायचे आणि पंख्याखाली टांगायचे. दोरी खोलीच्या मधोमध बांध, भिंतीला लागून नको. आठवड्याचे सगळे कपडे एकदम धुतले की एकही वाळत नाही. मी पहिल्या रविवारी तेच केलं आणि सोमवारी ओल्याच ड्रेसवर प्रॅक्टिकलला गेले.

आतले कपडे पूर्ण कोरडे असल्याशिवाय घालू नकोस. इस्त्री असेल तर ती फिरवून घाल. गजकर्ण कोकणातल्या हॉस्टेलात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. टॉवेल, कंगवा कुणाचा घेऊ नकोस, देऊ नकोस, त्यात मैत्री आणू नकोस. खाज सुटली तर मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणून लावू नकोस. स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टरांना दाखव. लाजण्यासारखं त्यात काही नाही, निम्म्या मजल्याला ते होतं.

वह्या बॉलपेननं लिही, जेलची शाई फुटते. बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव आणि सकाळी घालताना आधी उलटे करून आपट. हे दुसरं रोज कर. फुरसं हा साप लहान असतो, हातभरही नसतो, जांभ्याच्या दगडाच्या फटीत बसतो आणि मातीत दिसत नाही. अंधारात बॅटरीशिवाय चालू नकोस. कुणाला चावलाच तर वरून आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, कुणी मंत्रानं उतरवतो म्हणाला तर थांबायचं नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडं मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. तुला तणांचं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, करायचं आहे आणि किडींची पेटी भरायची आहे. दोन्हींना गुण आहेत आणि दोन्ही दापोलीच्या हवेत कुजतात.

हर्बेरियमसाठी झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबायचं, हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की इथं कागद रोज बदलायचा. पहिले तीन दिवस तर सकाळ-संध्याकाळ. कागद भिजलेला राहिला की पान काळं पडतं, मग ते केनी आहे की माका, सरांना ओळखू येत नाही आणि आपल्यालाही. गादीखाली दाबणं चांगलं, अंगाची ऊब मिळते. अगदी घाईच असेल तर दोन कागदांच्या मध्ये ठेवून हलकी इस्त्री फिरवायची. फुलासकट नमुना घे. फूल नसलेलं गवत ओळखणं जाणत्यालाही जड जातं. आणि मातीचा गोळा मुळाला लागलेला असेल तर तो धुऊन, पुसून मग दाब, नाहीतर बुरशी तिथूनच सुरू होते.

किडी गोळा करायला संध्याकाळी दिव्याखाली उभं राहा. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे ढिगानं येतात, त्यावर समाधान मानू नकोस, प्रत्येकीच्या पेटीत तेच असतात. फुलपाखराचे पंख मेल्यावर लगेच पसरायचे. वाळले की मोडतात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून टोचायची, मधोमध नाही. पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या टाचून ठेव. डांबरगोळी मुंग्या आणि इतर किडे लांब ठेवते, पण बुरशी थांबवत नाही. त्यासाठी पेटी कोरडी पाहिजे. आम्ही चौघींनी मिळून एका लाकडी खोक्यात चाळीस वॅटचा जुना बल्ब लावला होता आणि पाळीपाळीनं पेट्या त्यात दोन-दोन तास ठेवायचो. बल्बपासून वीतभर लांब, आणि खोलीत कुणीतरी असतानाच. माझी पहिली पेटी मी कपाटात बंद करून दिवाळीला घरी गेले होते. परत आले तर चाळीस किडींवर पांढरी लव उगवली होती. त्या रात्री मी रडले आणि रूममेट माझ्याबरोबर बॅटरी घेऊन नव्यानं किडे धरायला बाहेर पडली. सव्वा महिना लागला पेटी पुन्हा भरायला.

मेस आणि खाडे

आमच्या वेळी मेस आम्ही मुलीच चालवत होतो. स्वयंपाक मावशी करायच्या. खरेदी, हिशेब, उद्या काय करायचं हे ठरवणं, सगळं दर महिन्याला दोघींच्या पाळीवर. बऱ्याच जणी ही पाळी टाळतात, अभ्यासाचं कारण सांगतात. तू टाळू नकोस. शक्य तर पहिल्याच वर्षी माग.

हिशेब सोपा आहे. महिन्याचा सगळा खर्च मांडायचा: किराणा, भाजी, गॅस, दूध, मावशींचा पगार. समजा तो १,९८,००० झाला. मुली ६०, दिवस ३०, म्हणजे १,८०० दिवसांचं जेवण. त्यातून घरी गेलेल्यांचे खाडे वजा करायचे, समजा १५०. राहिले १,६५०. खर्चाला त्यानं भागलं की दिवसाचा दर निघतो, १२० रुपये. मग ज्या मुलीचे चार खाडे तिनं २६ दिवसांचे ३,१२० द्यायचे. खाडा आदल्या रात्री वहीत लिहायचा आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरायचा नाही, असा आमचा नियम होता. हा नियम कडक ठेव. मैत्रिणीसाठी एकदा मोडला की महिनाअखेर साठ जणी तोंडावर येतात.

खरेदीत हवा लक्षात ठेव. पावसाळ्यात कांदा चार दिवसांचाच घ्यायचा. माझ्या पाळीत बाजारात कांदा स्वस्त दिसला म्हणून मी दोन गोण्या उचलल्या. आपल्याकडच्या कांदाचाळीत कांदा सहा महिने राहतो, तेच डोक्यात. दहाव्या दिवशी कोठीत शिरलं की वास यायचा, निम्म्याहून जास्त सडला होता. त्या महिन्याचा दर माझ्यामुळं चढला. मी हिशेबाच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. कुणी काही बोललं नाही. पीठ आठ-आठ दिवसांचं दळून आण, बेसन आणि रवा डब्यात घट्ट बंद, मिठात चार तांदळाचे दाणे टाक. कडधान्य भिजवायचं रात्री मावशींना आठवण कर, कारण इथल्या गारव्यात मोड यायला दीड-दोन दिवस लागतात.

आपलं घर माळकरी. इथं समोरच्या ताटात मासा येणारच. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन उठले होते. नंतर मला कळलं की समोरची मुलगी दुसऱ्या दिवसापासून माझ्यामुळं कोपऱ्यात जाऊन बसते आहे. मग मीच तिच्याकडं गेले. तुझं तू खा, तिचं तिला खाऊ दे, आणि ताट घेऊन उठू नकोस.

खाड्यांच्या वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि हे सगळं लिहायला मी बसले त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मला ताप आला. रूममेट गावाला गेली होती. दोन दिवस मी खोलीतच पडून होते, जेवायला गेले नाही, खाडाही लिहिला नाही. दुसऱ्या रात्री दारावर थाप पडली. त्या महिन्याची हिशेबवाली सिनिअर वही घेऊन उभी होती. "तुझी चार जेवणं कोरी आहेत. खाडा धरायचा का, विचारायला आले." मग तिनं कपाळाला हात लावला. रेक्टर मॅडमना उठवून त्याच रात्री मला दवाखान्यात नेलं, १०३ ताप होता. पुढं माझी पाळी आली तेव्हा मी रोज झोपण्याआधी वही चाळायचे. सलग दोन जेवणं कोरी दिसली की दार वाजवायचं. एकदा अशाच थापेवर एक मुलगी उठून बसली, आणि तिच्या घरी काय झालं होतं ते तिनं त्या रात्री पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ते इथं लिहीत नाही. पण तू मेसची पाळी घेशील तेव्हा हे करच.

आता मी पुण्यात कॉट बेसिसवर राहते, दिवसभर अभ्यासिकेत असते, कृषी सेवेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. डबा दाराबाहेर असतो. एखाद्या दिवशी तो तसाच भरलेला राहिला तर दुसऱ्या दिवशी रिकाम्याऐवजी भरलेला उचलला जातो, एवढंच.

चिखल

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात भात लावायला उतरशील. गमबूट बांधावर काढून ठेवायचे. चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट रुततो आणि पाय वर येतो. अनवाणीच उतरायचं. पण पायाला जखम, भेग, काही असेल तर उतरू नकोस, सरांना स्पष्ट सांग. उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात आणि जखमेतून शरीरात जातात. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना 'मी भाताच्या चिखलात काम केलंय' हे आपणहून सांग. त्यांना तेवढं कळलं की पुढचं ते बघतात.

कमरेतून वाकून मागं मागं सरकत लावायचं. गुडघे वाकवलेस तर अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीनच रोपं. दोरीवरच्या खुणा सोडू नकोस. चारसूत्री लावणीत एकदा १५ आणि एकदा २५ सेंटिमीटर असं अंतर असतं आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची असते. आपल्याकडच्या मुलींना हे सगळं नवं, पण शेतावरच्या मजूर बायका बघत असतात. त्यांना विचार. मी वर्गात जे तीनदा वाचलं होतं ते एका मावशीनं माझं मनगट धरून एका मिनिटात दाखवलं.

कोय कलमाचंही तसंच. हापूसच्या देशात चार वर्षं राहून कलम बांधता येत नाही, असं होऊ देऊ नकोस. प्रॅक्टिकलला एकदाच संधी मिळते, तेवढ्यानं हात बसत नाही. जून-जुलैत कोयी रुजून वर येतात. कोंब पंधरा दिवसांचा आणि पानं अजून तांबूस असतील तेव्हाच बांधायचं. हिरवी झाली की उशीर झाला. कोंब चार बोटांवर छाटायचा, मधून दीड-दोन इंच उभा काप द्यायचा, तेवढ्याच जाडीची हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधत जायचं. काप एकाच ओढीत झाला पाहिजे. दुसऱ्यांदा सुरी लावली की पृष्ठभाग सपाट राहत नाही आणि साल सालीला भिडत नाही. दोन-तीन आठवड्यांत काडी फुटली तर जगलं. माझी पहिल्या वीसातली चार जगली. मग मी सुट्टीच्या दिवशी रोपवाटिकेत जाऊन बसायला लागले, परवानगी काढून. तिथल्या मावशी दिवसाला शेकडो बांधायच्या. त्यांनी मला आधी आठवडाभर नुसत्या काड्या तासायला लावल्या. तिसऱ्या वर्षी वीसातली पंधरा जगायला लागली. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर आणि सिंधू म्हणजे रत्ना आणि हापूसचा, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. सिंधूची पातळ पापडीसारखी कोय हातात घेऊन दाखवली ती त्या मावशींनीच.

सातव्या सत्रात गावात राहायला जाशील तेव्हा हे हात कामाला येतात. शेतकऱ्यापुढं भाताच्या बियाण्याचं मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक करशील, दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, तरंगलेलं पोचट बी काढून टाकायचं, खालचं दोनदा स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचं. सगळ्या बॅचेस हे करतात. फरक एवढाच, की आदल्या रात्री खोलीत एकदा करून बघ. पाणी कमी घेतलं की चांगलं बीही तरंगतं आणि समोरचे आजोबा मान हलवून निघून जातात.

सिनिअर

महाविद्यालय १९६५ पासूनचं आहे, विद्यापीठ १९७२ चं. इतक्या बॅचेसच्या नोट्स, सवयी आणि टोपणनावं तिथं आहेत. सिनिअरकडून नोट्स घे, वाट विचार, दवाखाना विचार. पण मदत आणि छळ यातला फरक ओळख. रात्री खोलीत बोलावून उभं करणं, गाणं म्हणायला लावणं, मान खाली घालून चालायला लावणं, ही ओळख नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, रात्री-बेरात्री लागतो, फोनमध्ये आत्ताच साठव. माझ्यावर तशी वेळ आली नाही. आली असती तर मी फोन केला असता की नाही, सांगता येत नाही, म्हणूनच तुला आधी सांगते. आणि तू दुसऱ्या वर्षाला गेलीस की पहिल्या वर्षाच्या मुलीच्या खोलीवर तूच जा, तिला बोलावू नकोस.

घर

पहिले पाच आठवडे घरी जाऊ नकोस. बीडहून येऊन-जाऊन दोन दिवस प्रवासातच जातात आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी होतं तिथंच मन येऊन थांबतं. आईला रोज फोन कर, पण ठरलेल्या वेळी, जेवणानंतर. उपाशीपोटी केलास की दोघी रडता. 

उघडीप मिळालेल्या रविवारी हर्णैला जा. पंधरा-सोळा किलोमीटर आहे, एसटी मिळते. मी समुद्र पहिल्यांदा तिथं पाहिला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव भरतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. मासे न खाणारीनंही बघावा असा आहे. पावसाळ्यात कुठल्याही किनाऱ्यावर, मुरूड असो की कर्दे, पाण्यात उतरू नकोस. घोट्याएवढ्या पाण्यातही नको, परतीची लाट पायाखालची वाळू काढून नेते.

आणि आपल्याकडं पाऊस नाही पडला, हे तुला तिथं धो-धो पावसात बसून फोनवर ऐकावं लागेल. याची तयारी मला कुणी करून दिली नव्हती. तिसऱ्या वर्षी जुलैत वडील म्हणाले, तूर दुबार पेरावी लागते. आणि माझ्या खिडकीबाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं, इतकं की त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. मी फोन हातानं झाकला, त्यांना तो पाऊस ऐकू जाऊ नये म्हणून. यावर माझ्याकडं उपाय नाही. त्या दिवशी रूममेटनं काही विचारलं नाही, चहा करून आणला.

निघताना

चार वर्षांनी नो ड्यूजचा कागद हातात येईल. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, मेस, हॉस्टेल, प्रत्येकाची सही. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नकोस, एका हरवलेल्या पुस्तकावरून आमच्यातली एक तीन दिवस अडकली. दोरी, चिमटे, बल्बचं खोकं घरी आणू नकोस, आपल्याकडं त्याचं काय काम? पुढच्या मुलीला दे.

गमबूट माझ्या खोलीत आता जी तिसऱ्या वर्षाची मुलगी आहे तिच्याकडं आहेत. ती बुलढाण्याची. डाव्या बुटाच्या आत मार्करनं पाच आद्याक्षरं लिहिली आहेत, चौथं माझं, पाचवं तिचं. मी तिला तुझं सांगून ठेवलं आहे. नंबर पाच आहे, तुला जरा सैल होतील, जाड मोजे घे.